उल्हास नदीच्या कांठची भाकरी : धान्य आणि हात

सनदा, महजर, कैफियती व वंशावळी यांच्या शोधांत आमच्या संशोधकांच्या दोन-तीन पिढ्यांचे श्रम खर्ची पडले, आणि तें योग्यच झालें. परंतु ती सनद लिहिणारा कारकून, ती पोंचविणारा जासूद आणि जिच्या आधारें ज्याचें शेत राहिलें वा गेलें तो कुणबी, हे तिघेही ज्या अन्नावर जगले त्या अन्नाकडे त्या मानानें फारच थोड्यांचें लक्ष गेलें. पंक्तीच्या पक्वान्नांचीं वर्णनें पोथ्यांतून मिळतात. रोजच्या भाकरीचें वर्णन करण्याचें कारण कोणासच पडलें नाहीं, कारण ती सर्वांस ठाऊक होती. जें सर्वांस ठाऊक असतें तेंच प्रथम विस्मरणांत जातें, असा इतिहासाच्या अभ्यासकास नेहमींचा अनुभव आहे.

प्रस्तुत लेखांत घरीं भाजलेल्या नित्याच्या भाकरीचा विचार आम्हीं एका लहानशा प्रदेशापुरता करणार आहों. ठाणें जिल्ह्यांत कल्याणच्या आग्नेयेस, दहा मैलांच्या आंत, उल्हास व वालधुनी या नद्यांच्या आसपास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें ओळीनें लागतात. हीं आज लोहमार्गावरील मोठीं शहरें असलीं तरी तिघांचा जन्म निरनिराळा आहे. बदलापूर हें मूळचें भातशेतीचें गांव. अंबरनाथाची ख्याति शिलाहारकालीन शिवालयाची. आणि उल्हासनगर तर १९४९ सालीं नांव मिळालेलें निर्वासितांचें नगर. इतक्या थोड्या जागेंत भाकरीच्या इतिहासाचे इतके थर एकत्र सांपडण्याचा योग क्वचित् येतो.

भाकरीसंबंधीं दोन प्रश्न विचारतां येतात. ती कशाची, हा एक. व ती कोणाच्या हातची, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर जमीन, पाऊस व विस्तव देतात. दुसऱ्याचें उत्तर समाज देतो. या दोन उत्तरांची गल्लत झाल्यामुळें ‘ही भाकरी आमची, ती परक्यांची’ असे निवाडे होत आले आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम धान्य पाहूं. सह्याद्रीच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस व पाणी धरून ठेवणारीं खाचरें यांमुळें हा मुलूख भाताचा. ज्वारी येथें साधत नाहीं, गहूं नांवापुरताच. राब भाजून त्यावर रोपें करावयाचीं आणि आषाढांत लावणी करावयाची, ही येथील जुनी रीत. डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी व वरी होतात. यावरून येथील सर्व लोक तांदळाचीच भाकरी खात असा समज होतो, तो मात्र बरोबर नाहीं. तांदूळ पिकविणें निराळें आणि तांदूळ खाणें निराळें. सरकारचा सारा, सावकाराचें देणें आणि मीठ-कापडाचा खर्च हीं सर्व भात विकूनच भागवावीं लागत; त्यामुळें गरीब कुणब्याच्या घरीं आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांत वर्षाचे कित्येक महिने नाचणीची भाकरी हीच खरी नित्याची भाकरी होती. पांढरी भाकरी हें बेताच्या सुस्थितीचें लक्षण होतें.

तांदळाची भाकरी करण्याची कृति बदलापुराकडील घरांत आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे. ती येथें सविस्तर देतों, कारण पुढील विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे. जाडा तांदूळ दळून आणावा. जितकें पीठ तितकेंच पाणी, किंचित् मीठ घालून, उकळावें. उकळी फुटतांच त्यांत पीठ सोडून उलथण्याच्या दांड्यानें ढवळावें, झांकण ठेवून विस्तव ओढून घ्यावा व पिठास वाफ मुरूं द्यावी, हीच उकड. मग ती काठवटींत किंवा परातींत काढून, हाताला चटका बसत असतांनाच, पाण्याच्या हातानें मळावी. गार झाल्यावर मळूं म्हटल्यास काम बिघडलें असें समजावें. गोळा घेऊन पिठीवर तळव्यानें थापीत फिरवावा. कुशल हाताखालीं भाकरी आपोआप फिरते आणि तिची कड फाटत नाहीं. तव्यावर टाकतांना पिठी लागलेली बाजू वर येते, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवावा, तें पाणी सुकण्याच्या बेतांत भाकरी उलटावी, व दुसरी बाजू भाजल्यावर ती निखाऱ्यावर उभी धरावी. पापुद्रा सुटून ती टम्म फुगली म्हणजे साधली. आगरी व कोळी स्त्रियांचा या कामांतील हात फारच बसलेला असतो. त्यांची भाकरी घरांतील मोठ्या ताटाएवढी असूनही कागदासारखी पातळ उतरते.

उकड कां काढावी लागते? गव्हाच्या पिठांत एक चिवट सत्त्व असतें. थंड पाण्यानें भिजवून मळलें कीं तें ताणलें जातें व कणकेस बांधून धरतें. तांदूळ, ज्वारी, नाचणी यांत तें नाहीं. त्यांच्या पिठास बांधणारा पदार्थ एकच, तो म्हणजे त्यांतील पिष्टसत्त्व, आणि तें साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान उष्णता लागली म्हणजे फुगून चिकट होतें. अर्थात् गरम पाणी हा येथें चवीचा प्रश्न नसून भाकरी मुळांत होण्या-न होण्याचा आहे.

आतां ही गोष्ट ध्यानांत ठेवून श्रौतसूत्रांतील पुरोडाशाची कृति पाहिली असतां मोठें नवल वाटतें. दर्शपूर्णमास इष्टींत पुरोडाश व्रीहीचा किंवा यवाचा करावयाचा असतो. धान्य कांडून, पाखडून, दृषदुपलांवर वाटून त्याचें पिष्ट करतात. आणि तें भिजविण्याचें पाणी मुद्दाम अग्नीवर तापवून घेतात. या तापविलेल्या पाण्यास ‘उपसर्जनी’ अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. मग गोळ्यास कांसवाच्या पाठीसारखा आकार देऊन तो निखाऱ्यांवर मांडलेल्या कपालांवर, म्हणजे मातीच्या खापरांच्या तुकड्यांवर, भाजतात. अग्नीच्या पुरोडाशास आठ कपालें, अग्नीषोमांच्या पुरोडाशास अकरा. पाणी तापविण्यास याज्ञिक जें कारण देतील तें देवोत. घरांत तांदळाच्या भाकरीचा गोळा मळणाऱ्या बाईस तें कारण सांगावें लागत नाहीं.

यावरून बदलापूरची भाकरी पुरोडाशाची वंशज आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यास आमची संमति नाहीं. दोन रीतींतील साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे. एकच धान्य दोन वेगळ्या काळीं दोन वेगळ्या हातांस एकच रीत शिकवूं शकतें. मात्र शब्दांचा पुरावा थोडा अधिक बळकट असतो. पिष्टापासून पीठ, भक्तापासून भात, पोलिकेपासून पोळी, भ्राष्ट्रापासून भट्टी, खर्परापासून खापर. हे शब्द तोंडोतोंडीं झिजत झिजत आले आहेत, कोणी पोथींतून उचलून आणलेले नाहींत. भाकरीच्या कामाचीं भांडीं व क्रिया यांचीं नांवें अशीं अखंड चालत आलेलीं असणें म्हणजे तें काम अखंड चालू राहिल्याची खूण होय.

अंबरनाथच्या शिवालयांतील लेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार महामंडलेश्वर मुम्मुणि ऊर्फ माम्वाणि याच्या वेळचा आहे. त्या वेळच्या रोजच्या जेवणावर त्या लेखांतून कांहीं प्रकाश पडत नाहीं. परंतु त्यानंतर सत्तर वर्षांच्या आंतच, शके १०५१ च्या सुमारास, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अन्नभोगाचें प्रकरण आलें. (हा राजा कल्याणीचा, ती कल्याणी कर्नाटकांतील, आमचें कल्याण नव्हे. ही गल्लत छापील पुस्तकांतूनही आढळते म्हणून सांगून ठेवतों.) त्यांत गहूं धुवून, वाळवून, दळून, चाळून, तूप-मीठ घालून मळण्याची कृति आहे, तापलेल्या खर्परावर भाजावयाचे मंडक आहेत, पोलिका आहेत, आणि निखाऱ्यांत भाजावयाची अंगारपोलिका आहे. मंडक म्हणजे आमचे मांडे. पोलिका ती पोळी. आणि अंगारपोलिकेचा भाऊबंद पाहावयाचा असेल तर चंपाषष्ठीस खंडोबापुढें ठेवलेला रोडगा पाहावा. राजाच्या स्वयंपाकघरांतही भट्टींत फुगविलेला पाव नाहीं; आहे तें खापर आणि निखारा.

खापराची गोष्ट निघाली म्हणून एका सुप्रसिद्ध कथेकडे लक्ष वेधतों. मुक्ताबाईस मांडे करावयाचे होते. विसोबा चाटी यानें कुंभारास दटावून तिला खापर मिळूं दिलें नाहीं. तेव्हां ज्ञानदेवांनीं जठराग्नि प्रदीप्त केला व तिनें त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. चमत्काराचा भाग भाविकांचा. त्यांत आम्हीं शिरत नाहीं. पण कथा रचणारास व ऐकणारास एक गोष्ट गृहीत होती, ती ही कीं कुंभाराचें खापर बंद करणें म्हणजे घरची चूल बंद करणें, आणि संन्याशाच्या मुलांस वाळींत टाकण्याचा तो मान्य मार्ग होता. येथें आपला दुसरा प्रश्न उभा राहतो. धान्य होतें, रीत ठाऊक होती. अडलें तें हातांवर.

आमच्या भाषेंत ‘रोटीव्यवहार’ हा शब्द याच अर्थाचा आहे. कोणी कोणाच्या हातचें खावें याचे निर्बंध सरसकट सारखे नव्हते. कोरडा शिधा चाले, तळलेलें एक वेळ चाले, पण पाण्यांत भिजवून भाजलेल्या भाकरीस हात कोणाचा हें आधीं पाहिलें जाई. गरीबाची नित्याची भाकरी हीच नेमकी विटाळास सर्वांत नाजूक ठरली, हा या इतिहासांतील मोठा दुर्दैवी भाग होय.

पाव या प्रदेशांत आला तो या पार्श्वभूमीवर. वसई इ. स. १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती घेतली. मधल्या दोनशें वर्षांत उत्तर कोंकणच्या किनाऱ्यास गव्हाच्या आंबविलेल्या रोटीची ओळख झाली. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ याचाच. पीठ पायांनीं तुडवितात म्हणून पाव, किंवा चार जोडून असतात त्यांतला चतुर्थांश म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ति लोकांनीं मागाहून बसविलेल्या आहेत. सिंहली व जपानी भाषांतही रोटीस ‘पान’ म्हणतात, व तेथेंही तो शब्द पोर्तुगीजांनींच नेलेला आहे. तेथें ना आपला पाय आहे ना आपला पावशेर. गोव्यांत पाव करणारास ‘पोदेर’ म्हणतात, तो शब्दही त्याच भाषेंतला. आंबविण्यास यीस्ट नव्हतें, तें काम ताडामाडाच्या रसानें केलें. कोंकणच्या किनाऱ्यावर हा रस मुबलक, म्हणून पाव किनाऱ्यास रुजला.

परंतु पाव घरांत शिरला तो तयार होऊन. तो घरीं भाजला गेला नाहीं. ज्यांच्या नित्याच्या जेवणांत तो होता त्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतही तो पोदेराकडूनच येई. भट्टी तापविण्यास जें सरपण लागतें तें एका घराच्या पांच-सात भाकऱ्यांस परवडणारें नव्हे. तवा चार काटक्यांवर तापतो. शिवाय पाव फुगतो तो गव्हाच्या त्या चिवट सत्त्वानें हवा धरून ठेवल्यामुळें. तांदळाचें वा नाचणीचें पीठ कितीही आंबविलें तरी त्याचा पाव होत नाहीं, फार तर आंबोळी होते. तेव्हां येथील बाईस आंबविणें ठाऊक नव्हतें म्हणून पाव झाला नाहीं असें नव्हे. तिच्या धान्यास व सरपणास तो मानवणारा नव्हता. ‘भाजलेली रोटी फिरंग्यांनीं आणली’ असें कोणी लिहितात, तें ‘फिरंग्यांनीं भट्टी व पाव आणला’ असें वाचावें.

पावाभोंवतीं भीति किती होती तें सर्वश्रुत आहे. विहिरींत पावाचा तुकडा टाकला, लोकांनीं नकळत तें पाणी प्यालें आणि गांवचा गांव बाटला, अशी कथा वसईकडे व गोव्यांत सांगतात. तिच्यांत घटना किती व भय किती हें पाहूं लागल्यास भयच अधिक भरेल. पण भय हाही इतिहासाचा पुरावा आहे. हीच भीति उलट बाजूनें वापरली ती मुंबईच्या परमहंस सभेनें. दादोबा पांडुरंग प्रभृतींची ही गुप्त मंडळी १८४९ च्या सुमारास सुरू झाली. तींत प्रवेश घेणारानें ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें असे. सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याची वेळ येतांच १८६० मध्यें सभा मोडली. पुढें १८९० त पुण्यास पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादांत ओढलें गेलें. तीस-चाळीस वर्षांत पावाचें बिस्कीट झालें, पण प्रश्न तोच राहिला: हात कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धानें या निर्बंधांस जो धक्का दिला तो कोणत्याही सभेनें दिला नसेल. मुंबईंत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालें. कार्डावर जें मिळेल तेंच खावयाचें. तांदूळ खाणारास गहूं व भरड धान्य घेणें भाग पडलें. याच युद्धकाळांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस तिच्या बराकींत ठेवण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून छावणीचें ‘उल्हासनगर’ झालें. कॅम्प क्रमांक एक ते पांच हीं नांवें तेथें आजही चालू आहेत.

बराकींत एका लांब छपराखालीं मध्यें आडोसे घालून कुटुंबें राहिलीं. घर, शेत, दुकान मागें राहिलें. बरोबर आली ती भाषा, आणि भाकरी भाजण्याची रीत. सिंधी भाषेंत भाकरीस ‘मानी’ म्हणतात, व आपल्याकडे ‘जेवलांत कां’ याऐवजीं जसें ‘भाकरी खाल्ली कां’ म्हणतात तसाच तेथें मानी शब्दाचा उपयोग होतो. गव्हाच्या पिठांत भरपूर तुपाचें मोहन, कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घालून घट्ट मळतात, जाड पेढा तव्यावर अर्धवट भाजून पुन्हां लाटतात आणि मंद विस्तवावर तुपानें खरपूस करतात, ती कोकी. ती दुसऱ्या दिवशींही टिकते म्हणून प्रवासास सोयीची. घर सोडून निघालेल्यांच्या शिदोरींत ती असणें साहजिकच होतें. गोड केली म्हणजे तो लोलो. ‘थदडी’ या सणास चूल पेटवीत नाहींत, आदल्या दिवशीं केलेले लोले व कोकी थंडच खातात. थधो म्हणजे थंड; आमच्याकडील शीतलासप्तमीच्या शिळ्या अन्नाशीं या सणाचें नातें कोणाच्याही लक्षांत येईल. आणि ज्वारीची जाड भाकरी ती डोडो.

सिंध गव्हाचा देश अशी आमच्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी. सक्करचें धरण १९३२ सालीं पुरें होऊन कालव्यांचें पाणी खेळूं लागल्यावर गव्हाचें क्षेत्र वाढलें. त्यापूर्वीं ज्वारी, बाजरी व तांदूळ यांचेंच तेथील गरीबाच्या ताटांत प्राबल्य होतें, आणि लाडकाणा वगैरे भाताच्या भागांत तांदळाच्या पिठाचीही मानी करीत आले आहेत. अर्थात् १९४७ नंतर वालधुनीच्या कांठीं जे दोन समाज शेजारी आले, त्यांच्या भाकऱ्या वाटल्या तितक्या परक्या नव्हत्या. भाषा परकी होती, लिपि परकी होती. तवा परका नव्हता. अंबरनाथास मात्र आगकाड्यांच्या कारखान्यामुळें घाटावरचे कामकरी आधींच आले होते व त्यांच्याबरोबर ज्वारीची भाकरी आली होती. ज्वारी न पिकणाऱ्या या मुलुखांत ज्वारी खाणारे दोन लोक, एक सह्याद्री उतरून व एक समुद्र ओलांडून, असे एकत्र आले.

यापुढील भाग थोडक्यांत आटपतों. १९५६ च्या करारानें अमेरिकेचा गहूं येऊं लागला, मागून तांबडी मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीची आठवण काढली कीं आमच्या पिढीचे लोक अजून तोंड वांकडें करतात. १९६५ सालीं सरकारनें मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली व यंत्रावर कापलेला पाव मध्यमवर्गाच्या घरांत गेला. उल्हासनगरांत पावास ‘डबल’ म्हणतात. शिळ्या पावाचे किंवा पोळीचे तुकडे टोमॅटो-कोथिंबिरीच्या रसांत शिजविलेले तेथें ‘सेयल’ या नांवाखालीं मिळतात. आमच्या घरांतील फोडणीच्या पोळीचीच ती ओली बहीण. बदलापुरास भाताच्या खाचरांवर इमारती झाल्या आहेत. पीठ गिरणींतून येतें, जातें माळ्यावर गेलें, काठवट तर मुलांस चित्रांत दाखवावी लागते. तांदळाची तयार भाकरी आतां स्टेशनाबाहेर विकत मिळते, आणि ती कोणाच्या हातची हें घेणारा विचारीत नाहीं.

या लेखाच्या निमित्तानें आम्हीं उल्हासनगरांतील एका वयोवृद्ध सिंधी बाईंकडे डोडो कसा करतात तें पाहण्यास गेलों होतों. त्यांनीं कोकीची कणीक साध्या पाण्यानें भिजविली. ज्वारीच्या पिठास मात्र पाणी कढत घेतलें. कारण विचारतां म्हणाल्या, ‘थंड पाण्यानें कड फाटते.’ त्याच आठवड्यांत बदलापुराजवळच्या एका आगरी घरीं तांदळाच्या उकडीबद्दल हाच प्रश्न केला असतां शब्दशः तेंच उत्तर मिळालें. फक्त तेथल्या आजींनीं आणखी इतकें जोडलें कीं, मास्तरांस एवढेंही ठाऊक नसावें याचें नवल वाटतें.